आमचे पैसे आधी फेडू नकोस

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "बाबा, दिवाळखोरीचा अर्ज करायच्या आधी तुमचे पैसे तेवढे फेडून टाकतो." आईसमोर बोललो नाही, म्हणून लिहितोय. एक डॉलरही पाठवू नकोस. तिथल्या अमेरिकन कायद्यात, अर्जाआधीच्या वर्षभरात आई-वडील, भाऊ अशा जवळच्यांचं कर्ज फेडलेलं दिसलं, तर ट्रस्टी, म्हणजे दिवाळखोराची मालमत्ता बघायला नेमलेला माणूस, ती रक्कम आमच्याकडून परत मागू शकतो. परक्या धनकोंच्या बाबतीत हीच मुदत ९० दिवसांची आहे. बँकेत वसुली बघताना मी हेच पाहायचो, बुडीत माणूस हातातले शेवटचे पैसे नातलगाला देऊन मोकळा होतो.

दुसरं, कोथरूडच्या फ्लॅटवर तुझंही नाव आहे. "भारतातलं तिकडे कोणाला कळतंय?" असं सांगणारे भेटतील. मालमत्ता जगात कुठेही असो, अर्जात दाखवावीच लागते, आणि तो अर्ज शपथेवर असतो. लपवलंस तर कर्जमाफी हातची जाईल, वर फौजदारी. आईबरोबरचं जॉइंट खातंही लिही. घाईने नाव काढून घ्यायचं तर मनातही आणू नकोस, मागच्या दोन वर्षांतलं असं हस्तांतर उलटवता येतं. पैसे कोणी भरले होते, तुझा हिस्सा खरा किती, ते वकील मांडेल.

आता राज्याचा घोळ. कायदा फेडरल, म्हणजे सगळ्या देशाचा, कोर्टही फेडरल, पण तुझ्याकडे काय राहू द्यायचं हे बऱ्याच अंशी राज्य ठरवतं. जे राहू देतात त्याला सवलती म्हणतात, आणि फ्लोरिडासारखी राज्यं त्यांची फेडरल यादी वापरूच देत नाहीत. न्यू जर्सी आणि टेक्सास मात्र राज्याची किंवा फेडरल, यांतली एक यादी निवडू देतात. तुला ऑस्टिनला येऊन ७३० दिवस झालेले नाहीत. म्हणजे आज अर्ज केलास तर तो टेक्सासातच होईल, पण सवलती बघायच्या त्या ७३० दिवसांच्या आधीचे १८० दिवस तू जास्त करून जिथे राहिलास तिथल्या, म्हणजे न्यू जर्सीच्या. "टेक्सासात घर पूर्ण वाचतं" हे तुझ्या मित्राचं म्हणणं तुझ्या कामाचं नाही. तू तर भाड्याने राहतोस!

दिवाळखोरी कायद्याच्या चॅप्टर ७ मध्ये बरंचसं कर्ज काही महिन्यांत माफ होतं, १३ मध्ये तीन ते पाच वर्षं हप्ते भरावे लागतात. ७ साठी आधीच्या सहा महिन्यांच्या मिळकतीची सरासरी राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाशी ताडून बघतात. नोकरी जाऊन तुला चारच महिने झालेत, त्यामुळे जुना पगार अजून हिशेबात धरला जाईल. थोडं थांबलास तर तो गळेल. थांबावं की नाही, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचार. तोवर क्रेडिट कार्डं भरायला ४०१(के), म्हणजे नोकरीतलं निवृत्तीचं खातं, मोडू नकोस, त्या पैशाला धनको सहसा हात लावू शकत नाहीत. मान्यताप्राप्त संस्थेचं कर्जाबाबतचं समुपदेशन मात्र अर्जाआधीच्या १८० दिवसांत घ्यावंच लागतं. अर्ज दाखल झाला की वसुलीचे फोन कायद्यानेच थांबतात.

आपल्याकडे साध्या माणसाला अजून १९०९ आणि १९२० चे इंग्रजी अमदानीतले कायदे लागू आहेत, आणि नादार ठरलेल्याकडे लोक कसे बघतात तेही मी पाहिलंय. तिथे रीतसर सोय आहे, ती वापरताना मान खाली घालायचं कारण नाही.

फ्लॅटचा करारनामा आणि इंडेक्स टू स्कॅन करून पाठवतो. बाजारभावाचा दाखलाही काढून ठेवतो.

तुझा,
बाबा