बाळ्यास, नामाकाकाच्या पोराबद्दल

प्रिय बाळ्या,

आई बरी आहे, माझं बीपी आटोक्यात आहे. परवा रात्री आपल्या पोरांनी स्टँडवर एकाला बेदम मारलं. नामाकाका बहुरूप्याचा धाकटा. हे दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही.

ड्रोन आणि चोरांच्या अफवा उठल्यापासून पोरं रात्री गस्त घालतात. त्याच्या पिशवीत खाकी सदरा नि पत्र्याचा बिल्ला सापडला. झालं, तोतया पोलीस! खांबाला बांधला. आक्कांनी ओळखलं म्हणून वाचला. अरे, तोच बिल्ला! 'तुमच्या नावाचं वॉरंट आहे' ऐकून तू कणगीत उडी मारलीस तो. (मी ढकललं नव्हतं, शेवटचं सांगतो.)

पोरांनी ग्रुपला नाव दिलंय 'व्हिजिलांटे'. ॲडमिन आपला सच्या. त्याला समोर बसवला. म्हटलं, शब्द स्पॅनिश, अर्थ पहारेकरी, पण गाजला अमेरिकेत. सोन्यापायी सॅन फ्रान्सिस्कोत माणसं लोटली, चोऱ्या नि आगी वाढल्या, पोलिसांवर कुणाचा भरवसा राहिला नाही. १८५१ साली व्यापाऱ्यांनी दक्षता समिती काढली आणि चौघांना फासावर चढवलं. त्यातला एक जेम्स स्टुअर्ट. तो हाती लागण्याआधी त्याच्यासारखा दिसतो म्हणून थॉमस बर्ड्यू नावाच्या भलत्याच माणसाला लोक लटकवायला निघाले होते. पुढे कोर्टानंही त्याला फाशीच सुनावली! पण शिक्षा व्हायला वेळ होता, तेवढ्यात खरा सापडला आणि हा सुटला. स्टँडवरच्या खांबापाशी तेवढा वेळ कोण देतो?

सच्या म्हणाला, "फोन केला तर पोलीस दोन तासांनी येतात, तोवर काय करायचं?" हे खरंच आहे रे. जागं राहा, हटकून विचारा, बसवून ठेवा, पण हात कशाला उचलायचा? राईनपाड्याचं सांगितलं तेव्हा मात्र गप्प झाला. १ जुलै २०१८, साक्री तालुका, मुलं पळवणारी टोळी म्हणून व्हॉट्सॲपवर अफवा, आणि मंगळवेढ्याकडच्या पाच डवरी गोसाव्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. नामाकाकासारखीच गावोगाव मागून खाणारी माणसं होती ती. मला झोप नाही बघ.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचा गुडघा?

शनिवारी देवळात बैठक आहे. पोरं तुला मानतात. शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीनं ये. नामाकाकाकडे आपण दोघं मिळून जाऊ, मला एकट्याला त्याच्या दारात उभं राहवणार नाही.

तुझा,
दिन्या