परसातला खड्डा

डोंबिवली, सोमवार

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला. "फ्रिज गेला तर गेला, आई" म्हणालास आणि मला राहवलं नाही. फ्रिजचं दुःख नाही रे. दिवे आधी लख्ख झाले आणि मग पटापट गेले, हे ऐकलं आणि पोटात गोळा आला. नानांच्या वेळी वादळात असंच झालं होतं. खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटला की २३०च्या जागी घरात चारशेच्या आसपाससुद्धा व्होल्टेज येतं. एमसीबीला, म्हणजे बोर्डावरच्या आपोआप पडणाऱ्या स्विचला, ते कळत नाही, तिला फक्त जादा करंट कळतो. मेनपाशी जादा व्होल्टेजला लाइन तोडणारा प्रोटेक्टर बसव.

आणि अर्थिंगचा खड्डा कुठे आहे? परसात पेव्हर बसवलेस, फोटोत फार छान दिसतात. नोकरी सोडून बंद घर उघडलंस, हे मी इथे ज्याला त्याला सांगते. पण त्या पेव्हरखाली तो खड्डा गेला असणार.

तांब्याची प्लेट, भोवती कोळसा आणि मीठ. होळीपासून पाऊस लागेपर्यंत दर शनिवारी मी त्यात दोन कळश्या पाणी ओतायची. आधी बुडबुडे यायचे, मग माती सगळं पिऊन टाकायची. रंगपंचमीला उरलेली पिचकारी तू तिथेच रिकामी करायचास. माझा हिरवा परकर त्यातच गेला, सुमी अजून तो विषय काढते.

विजेची लाट अडवणारं यंत्र आणतोयस, जरूर आण. पण ते लाट जमिनीत सोडतं. जमीनच कोरडी असेल तर सोडणार कुठे? माजघरातल्या लाकडी पट्टीवरच्या वायरींचं रबर बोटाने चोळलं तरी भुगा पडतो, त्या आधी काढ. त्यांत अर्थची तार मुळातच नाही. न्हाणीघरात पाहुण्यांसाठी गीझर लावलायस, त्याला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारी, हवीच. बाबांचा उजवा हात आठव.

बघ, उपदेश करायचा नाही असं ठरवून बसले होते. माफ कर. घर तुझं आहे, तुला कळतं.

तरी वायरमनकडून अर्थिंग मोजून घे. वळीव यायच्या आत. गडगडायला लागलं की प्लगही काढून ठेव.

खड्डा विहिरीकडून न्हाणीच्या भिंतीला धरून सात पावलांवर आहे. माझी पावलं, तुझी नव्हेत.

तुझी,
आई