बाबांच्या कॅप्सूलविषयी

तीर्थरूप बाबा व आई यांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, आधी निर्णय सांगते, रागावू नका. तुमची व्हिटॅमिन ईची ४०० युनिटची कॅप्सूल आता बंद. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी मी फोनवर बोलले आणि गावातल्या मेडिकलवाल्या काकांनाही ती यापुढे देऊ नका म्हणून कळवून टाकले. दिवाळीत दाढी करताना हनुवटीला ब्लेड लागले, तुम्ही पुन्हापुन्हा तुरटी फिरवलीत, तरी दुपट्ट्यावर लाल ठिपके उमटतच राहिले. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

कॅप्सूलमागचा विचार काही वेडगळ नव्हता. तुमच्यासारखी रक्तातली साखर सतत वाढलेली असली की शरीरात ऑक्सिजनचे उपद्रवी कण जास्त तयार होतात, रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, म्हणजे प्लेटलेट, चटकन एकमेकींना चिकटतात आणि जी गुठळी होते तीही घट्ट, लवकर न विरघळणारी असते. म्हणून हे कण शमवणारे अँटिऑक्सिडंट औषध गुठळ्याही टाळेल, असे जाणत्या डॉक्टरांनाही वाटत होते. पण 'होप' नावाच्या मोठ्या चाचणीत साडेनऊ हजार माणसे होती, त्यांत साडेतीन हजारांवर मधुमेही. निम्म्यांना हीच मात्रा सुमारे साडेचार वर्षे दिली, आणि २००० साली निकाल आला तेव्हा हृदयविकाराचे झटके वा पक्षाघात त्यांच्यात कमी झालेले नव्हते. २००५च्या पुढील अहवालात तर हृदय थकण्याचे प्रमाण त्यांच्यातच अधिक दिसले. त्यातून तुमची ॲस्पिरिन, म्हणजे गुठळी होऊ न देणारी गोळी, चालू, आणि दोन्ही मिळून रक्तस्राव वाढू शकतो.

ॲस्पिरिन मात्र एक दिवसही चुकवायची नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवला आहे, ती तुमच्यासाठीच आहे. आणि आई, तुलाही शुगर आहे म्हणून त्यांच्या पाकिटातली गोळी तू घेत जाऊ नकोस. हृदयविकार नसलेल्या पंधरा हजारांवर मधुमेहींवरची चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली, तीत ॲस्पिरिनने झटके थोडे कमी झाले, पण मोठे रक्तस्राव वाढल्याने तो फायदा बहुतेक फिटून गेला. तुला ती कोणी लिहून दिलेली नाही, एवढे पुरे.

खाण्यापिण्यावर मी काही आणत नाही. जवारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरण, सारे तसेच चालू द्या. संत्रे खा, रस नको. लहानपणी ताप आला की बाबा, तुम्ही गोळी चमच्यात कुटून गुळासोबत द्यायचे आणि मी मुकाट्याने गिळायचे. आता तुम्ही माझे तेवढेच ऐका.

शौच डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखले, तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला तर वेचणीचे मजूर, कापसाची गाडी, कशाचीही वाट न पाहता १०८ ला फोन करा. पुढच्या महिन्यात सेवाग्रामला दोघांचीही तपासणी करू. गाडी मी सांगितली आहे, पैशांचा विषय काढू नका. उरलेल्या कॅप्सूल शेजारच्या काकूंना देऊन टाकू नकोस, आई, मी आले की माझ्याकडेच दे.

तुमची,
बेबी