कुंदाला मों ब्लाँ दाखवायचाय

नाशिक,
रविवार सकाळ

प्रिय सुमे,

आपल्या ग्रुपवर हे लिहिता येत नाही, कारण तिथे कुंदा आहे. फोन करावा तर तू पहिल्या वाक्यालाच "काय सांगतेस!" म्हणून सुरू होशील आणि माझं सगळं पोटातच राहील. म्हणून पत्र. इकडे सगळे ठीक. माझी शुगर ताब्यात, ह्यांच्या गुडघ्याचं चालूच आहे.

गेल्या रविवारी कुंदा आणि मी रामशेजला गेलो होतो. पाऊस नुकताच उघडला होता. चढताना नेहमीसारखी ती पुढे. उतरताना मात्र म्हणाली, "तू हो पुढे." सुमे, कुंदानं कधी कुणाला पुढे जाऊ दिलंय? दोन पायऱ्या उतरून मी मागे वळून पाहिलं. काठीचं टोक खालच्या पायरीवर टेकवायचं, कडेपर्यंत सरकवत न्यायचं, कड लागली की मगच पाऊल. डावीकडून एक बकरी आली, पार तिच्या मांडीला घासून गेली, तेव्हा कुठे ती दचकली. बकरी बराच वेळ तिथेच चरत होती गं. मला लांबून दिसत होती.

मग तिच्या घरी चहाला थांबले. दूध काढायला फ्रिज उघडला तर दाराच्या खणात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. मी विचारायच्या आत तीच म्हणाली, "मोतीबिंदू आहे, सवडीनं ऑपरेशन करू." पण ही बाटली मी ओळखते. नानांच्या डोळ्यांत रोज रात्री हेच थेंब मीच घालत होते. काचबिंदू आहे तिला. बाजूचं दिसणं हळूहळू जातं, समोरचं बराच काळ टिकतं, त्यामुळे माणसाला स्वतःलाही पटत नाही. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली राखायची एवढंच. आमच्या वाड्याच्या उंबऱ्याशी नाना कसे चाचपडायचे ते तू पाहिलंयस, म्हणून तुलाच लिहितेय.

आणि ह्या बाईनं पुढच्या जुलैत आपल्या तिघींना मों ब्लाँची प्रदक्षिणा घालायला न्यायचं ठरवलंय! ते जुनं कॅलेंडर आठवतं ना, ज्याचं एकच पान तिनं भिंतीवर ठेवलंय? तोच डोंगर. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड असे तीन देश, १७० किलोमीटरच्या आसपास वाट, आणि सगळा चढ मिळून १०,००० मीटर. कळसूबाईची उंची १,६४६, म्हणजे बघ. रोज एक खिंड चढायची, उतरायची, डोंगरावरच्या रिफ्यूजमध्ये, म्हणजे ट्रेकर्सच्या मुक्कामाच्या घरात, रात्र काढायची. ग्रां कोल फेरे ही इटली-स्वित्झर्लंडच्या सीमेवरची खिंड २,५३७ मीटरवर आहे. आर्जँतिएरच्या वरच्या अंगाला तर कड्याला लोखंडी शिड्या ठोकल्यात. त्या टाळून जाणारी दुसरी वाट आहे, हे तीच मला फोनवर उत्साहानं सांगत होती. पण माझी भीती शिड्यांची नाहीच. शिडी समोर असते, ती तिला दिसेल. भीती उताराची आहे. घसाऱ्याचा, दगडधोंड्यांचा, गुडघे मोडणारा उतार, तोही रोज, दमल्यावर, दुपारी.

रात्र रात्र मी दुसऱ्या वाटा शोधत बसते. मदेइरा बेटावर डोंगराच्या कडेनं पाण्याचे पाट काढलेत, त्यांना लेवादा म्हणतात, आणि पाटाच्या काठाकाठानं चालायचं. वाट जवळजवळ सपाट म्हणून मी खूश झाले. मग फोटो पाहिले. एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये हातभर काठ, शिवाय मध्येच काळोखे बोगदे. तिला बाजूचंच दिसत नाही! जपानातली कुमानो कोदोची वाट तुला आवडेल. जुन्या देवस्थानांना जाणारी, सुगी नावाच्या उंच देवदारासारख्या झाडांच्या गर्दीतून, दर ५०० मीटरला आकडा घातलेला खांब. पण सावली दाट आणि जुन्या दगडी पायऱ्यांवर शेवाळं. अंधुक उजेडातच तिचं जास्त अडतं. तीही बाद.

मग तुझ्या दारातली. इंग्लंडातली रोमन काळातली हेड्रियनची भिंत, तिच्या कडेची वाट तुझ्या न्यूकॅसलच्या पूर्वेला वॉल्सेंडला सुरू होते आणि पश्चिम किनाऱ्यापर्यंत १३५ किलोमीटर. सर्वांत उंच जागा अवघी ३४५ मीटर, बरीचशी वाट कुरणांतून. कुरणात गायी असतात, आणि वणीला माकडानं पर्स पळवल्यापासून तू चार पायांच्या कुठल्याच प्राण्याजवळ जात नाहीस, त्यामुळे तिथे काळजी कुंदाची कमी आणि तुझी जास्त! पण मधला स्टील रिग ते हाउसस्टेड्सचा टप्पा कड्यांवरून वरखाली होतो म्हणे, दगडी पायऱ्यांनी. तो तू स्वतः चालून बघ आणि मला खरं सांग. "छान आहे गं" असं नको. पायऱ्यांच्या कडा कशा आहेत, धरायला काही आहे का, ते बघ.

मला सगळ्यांत पटलीय ती स्पेनमधली कामिनो, सान्तियागोला जाणारी यात्रेकरूंची जुनी पायवाट. पूर्ण वाट प्रचंड लांब, पण आपण ओ सेब्रेइरो गावापासून शेवटचे १६० किलोमीटर करू. त्या गावच्या धर्मगुरूंनी, एलियास वालिन्या त्यांचं नाव, १९८०च्या दशकात वाटेवर पिवळे बाण रंगवायला घेतले, तेच आज सगळीकडे आहेत. पिवळा ठसठशीत बाण, पुढे किती किलोमीटर उरले ते कोरलेला दगड, रुंद गाववाटा, थोड्या थोड्या अंतरावर गाव. पोर्तोमारीन नावाचं एक गाव १९६०च्या दशकात धरणाखाली गेलं, तेव्हा लोकांनी तिथलं चर्च दगडन् दगड सोडवून वर टेकडीवर परत उभं केलं. ते तर मला बघायचंच आहे. लोक पहाटे अंधारात निघतात, आपण उजाडल्यावर निघू, कुणी शर्यत लावलीय? इथे ती स्वतःच्या पायांनी, कुणाचा हात न धरता, पुढे चालेल.

पण मग मला वाटतं, तिची नजर जायचीच असेल तर ती असताना तिला तिचा डोंगर बघायला न देता मी गाववाटा कसल्या दाखवतेय? सुमे, ह्यातच मी अडकलेय. झोप लागत नाही. साल्हेरला धुक्यात तू परत फिरू म्हणालीस, तिनं ऐकलं नाही, आणि उतरल्यावर सटाण्यापर्यंत एसटीत दोघी दोन टोकांना बसलात. वर धुकं फाटलं म्हणून तीच बरोबर, असं ती अजून सगळ्यांना सांगते. तुझंच बरोबर होतं, हे मी तेव्हाही म्हणाले होते. पण त्या दिवशी परत फिरलो असतो तर ते वरचं काहीच दिसलं नसतं, हेही खरंच ना?

शेवटी मी असं जुळवलंय. जुलैत जायचं, पण प्रदक्षिणा नाही. इटलीतल्या कूरमायरला एकाच ठिकाणी मुक्काम. तिथून वाल फेरे दरीत बस जाते. बेर्तोने ते बोनात्ती अशा दोन रिफ्यूजांच्या मधली वाट डोंगराच्या पोटातून आडवी जाते, आणि समोर अख्खी मों ब्लाँची रांग. बेर्तोनेपर्यंतचा चढ खडा आहे, पण चढाची तिला कधीच भीती नव्हती. एका दिवशी एकच वाट, ढग आले तर दुसऱ्या दिवशी. आणि कामिनो त्याच्या पुढच्या वर्षी, डॉक्टर काय म्हणतात ते बघून.

हे तिला सांगायचं कुणी? मी विचारलं की ती मोतीबिंदू म्हणते आणि विषय बदलते. तुझ्याशी ती भांडते, पण खोटं बोलत नाही. तिनं रिफ्यूजचे पैसे भरायच्या आत तू फोन कर. रविवारी सकाळी, आपल्या दहाच्या सुमाराला, तेव्हा ती एकटी असते. मला कळलंय हे सरळ सांग, माझं नाव लपवू नकोस. ती चिडेल, माझ्यावर चिडू दे.

अनिकेतच्या नव्या नोकरीचं ऐकून फार आनंद झाला. सूनबाईंना आशीर्वाद. घर बदललंस त्याचं सगळं सविस्तर कळव, मी आधी विचारायला हवं होतं पण आज डोकं ठिकाणावर नाही. आणि भिंतीवर जाशील तेव्हा पाऊस पडून गेल्यावरच जा, ओल्या दगडावर पाय सरकतो का ते कळेल.

तुझी,
मंगल