शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: मुलीने हात उचलला की थेट दाखला?

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

सोमवारी शाळेनं माझ्या सातवीतल्या मुलीचा दाखला माझ्या हातावर ठेवला. तिनं वर्गातल्या मुलीला कंपासपेटी फेकून मारली, भुवईवर टाके पडले. चूक तिचीच, त्या मुलीच्या आईपुढं हात जोडून आले मी. पण दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण वाचा: 'पालकांच्या विनंतीवरून'. विनंतीचा अर्ज मुख्याध्यापकांनीच लिहून ठेवला होता, मी फक्त सही केली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 नुसार आठवीपर्यंत कुणाला काढता येत नाही ना, म्हणून ही पळवाट. वर्तणुकीपुढं 'असमाधानकारक'. आता हिला कोण दारात उभं करणार?

मुलगे मारामारी करतात तेव्हा 'पोरं आहेत, चालायचंच'. मुलगी मारते तेव्हा संस्कार निघतात, तेही आईचे. वर्षभर तिला डब्याला कुणी शेजारी बसू देत नव्हतं, व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे फोटो फिरवून हसत होते. बदलापूरनंतर तुम्ही घाईघाईनं सक्तीचे केलेत ते कॅमेरे हे टिपत नाहीत. कंपासपेटी मात्र स्वच्छ दिसली!

कॅनडातल्या मॉन्ट्रिअलला 1976 पासून शाळकरी मुलामुलींचा अभ्यास चालला. लहानपणी आक्रमक असलेल्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांच्यात शाळा सुटणं, कोवळ्या वयात आईपण यांचं प्रमाण जास्त दिसलं, आणि त्याची झळ त्यांच्या लेकरांपर्यंत गेली. आपल्याकडं तर हा रस्ता तयारच आहे. माझ्या सासूबाई कालच म्हणाल्या, "दोनाचे चार हात करा, आपोआप निवळेल." राज्यात पाचातल्या एका मुलीचं लग्न अठराच्या आत होतं, असं तुमचंच सरकारी सर्वेक्षण सांगतं. माझी मुलगी त्यात भर घालेल, काळजी नसावी.

शंभरावर विद्यार्थी असतील तिथं समुपदेशक हवाच, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये बजावलं. आमच्या शाळेत हे काम पीटीचे सर करतात, छडी घेऊन. देशात लाखामागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ आहे म्हणे. तो पाऊण आमच्या तालुक्यात कधी फिरकला नाही. रजा संपल्या, पगार कापला गेला, रात्रीची झोप उडाली ती वेगळीच. शिक्षकांना विचारावं तर ते मतदारयादी घेऊन दारोदार. शाळेत शिकवायचं सोडून सगळं चालतं या राज्यात.

दाखला रद्द करून तिला त्याच वर्गात बसवा आणि समुपदेशक नेमा. उत्तर माझ्या घरी पाठवा. 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शिक्का मारून हे पत्र त्याच मुख्याध्यापकांच्या टेबलावर धाडू नका.

आपली,
एक आई