लेथ विकला, बाबा

उद्यमनगर, कोल्हापूर

तीर्थरूप आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, लेथ विकला. शिरोलीच्या एका कारखानदाराने शनिवारी क्रेन लावून नेला. आधी विचारलं नाही, कारण तुम्ही लगेच ‘विक की, त्यात काय’ म्हणाला असता आणि आई, तू रात्रभर जागली असतीस.

पैसे बॅटऱ्यांना लागले. गेल्या महिन्यात आमच्या सरळ वर उडणाऱ्या, बॅटरीवरच्या विमानाचं मॉडेल दोरीला बांधून शेडमागे उडवलं. चाळीस किलोचं धूड छातीएवढं वर गेलं, तरंगलं, आणि एका मोटरचा ब्रॅकेट वेल्डिंगपाशी तुटून कोब्यावर आदळलं. कुणाला लागलं नाही, आई. फोनवर ‘बरं चाललंय’ म्हणालो ते त्याच संध्याकाळी.

‘सरळ वर जाणारं हेलिकॉप्टर आहेच की,’ असं बाबा दर वेळी म्हणता. त्याला एकच मोठा पंखा. आमच्याला आठ, एक नुसता बंद पडला तर बाकीचे सावरतात. घोडं अडतं ते बॅटरीपाशी. किलोभर विमानाच्या इंधनात साधारण १२ युनिट ऊर्जा असते, किलोभर लिथियम सेलमध्ये जेमतेम पाव युनिट. शिवाय इंधन जळून विमान हलकं होत जातं. बॅटरी रिकामी झाली तरी वजन तेवढंच. त्यात सरळ वर चढणं म्हणजे पन्हाळ्याचा घाट पहिल्या गिअरवर. वेग आला की मग भार पंख घेतात. तोवर ग्रॅम-ग्रॅम मोजायचा. आई, तुझा स्वयंपाकघरातला काटा हरवलेला नाही, इथे नटबोल्ट तोलतोय.

दादाने दाखवलेली बातमी खरी आहे. लिलियम आणि व्होलोकॉप्टर, अशीच विमानं करणाऱ्या दोन्ही जर्मन कंपन्यांनी २०२४ मध्ये दिवाळखोरीचे अर्ज केले. आम्ही पाच जण त्यांच्यापुढे चिलटं. माणूस बसवायचा तर डीजीसीएचं, म्हणजे सरकारच्या विमान खात्याचं, प्रमाणपत्र लागतं, त्यात वर्षं जातात. सध्या माणूस नकोच. २०१९ च्या पुरात शिरोलीला हायवे बुडाला आणि आत्याचं इन्सुलिन पलीकडे अडकलं, आठवतंय? तेवढा डबा नेला तरी पुष्कळ.

पण त्यासाठी एफडी मोडायची नाही. तो विषय पुन्हा काढू नका.

नवा ब्रॅकेट वेल्डिंगशिवाय, अखंड ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून काढला. लेथवरचा शेवटचा जॉब तोच. नेणारा विचारत होता, क्रॉस स्लाइडला प्ले किती धरायचा? मला अंदाजच नाही, तुमच्या हाताला ठाऊक. त्याचा नंबर दादाला पाठवलाय. तेवढा फोन कराल?

तुमचा,
बाळू