एस्तेरला, एका तळटीपेबद्दल

नगर, रविवार संध्याकाळ

चि. एस्तेर हिस,

पप्पाचा प्रभूमध्ये सलाम आणि आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी नुसतं ‘नंतर बोलू’ म्हणालो. घरात मंडळीतले, म्हणजे आपल्या चर्चमधले, लोक बसले होते, आणि प्रश्न घाईत उरकण्यासारखा नव्हता. तुझ्या इंग्रजी बायबलात योहानाच्या शुभवर्तमानात आठव्या अध्यायापाशी टीप आहे की सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा भाग नाही. बायबल अभ्यासाला कुणीतरी ती मोठ्याने वाचली, आणि व्यभिचारात धरून आणलेल्या त्या बाईची गोष्ट, जिला लोक दगडांनी मारायला निघाले होते आणि प्रभूने सोडवलं ती, तुझ्या पणजीची सगळ्यात लाडकी गोष्ट, एकदम खोटी ठरल्यासारखं तुला झालं. त्या रात्री तू जेवली नाहीस हे मम्मीकडून कळलं.

टीप खरी आहे, हे आधी सांगून टाकतो. चौथ्या शतकातली दोन मोठी ग्रीक हस्तलिखितं, सिनाइटिकस आणि व्हॅटिकनस, दोन्हींत योहान 7:53 ते 8:11 नाही. ग्रीक हस्तलिखितांत हा भाग पहिल्यांदा दिसतो तो कोडेक्स बेझीमध्ये, साधारण पाचव्या शतकात. ते आता केंब्रिजला आहे. पुढच्या काळातल्या काही प्रतींत तर ही गोष्ट योहानात नाहीच. लूकच्या शुभवर्तमानात, 21व्या अध्यायाच्या शेवटी आहे.

आता माझ्या कामातून जे कळलं ते सांगतो, कारण दुसरी विद्या माझ्याकडे नाही. पस्तीस वर्षं मी मुद्रितशोधक होतो. 1984 साली एका गीतपुस्तकाची प्रुफं माझ्याकडे आली होती. एका कडव्यात लागोपाठ दोन ओळी ‘कृपा’ या शब्दावर संपत होत्या. कंपोझिटरचा, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याचा, डोळा पहिल्या ‘कृपा’वरून थेट दुसऱ्यावर गेला आणि मधली ओळ उडाली. माझाही डोळा तसाच घसरला. पुस्तक छापून, बांधून, मंडळ्यांत पोचल्यावर एका म्हाताऱ्या बाईंनी दाखवून दिलं. ती ओळ मला आजही पाठ आहे.

म्हणूनच जुन्या करारातल्या यशया या ग्रंथाच्या गुंडाळीबद्दल वाचलं तेव्हा मी उठून उभा राहिलो. 1947 साली मृत समुद्राजवळ, कुमरानच्या एका गुहेत, बेदुइन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या, मेंढपाळांना मडक्यांत ठेवलेल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यातली एक पूर्ण यशया: चामड्याचे 17 तुकडे शिवून केलेली, सात मीटरांहून लांब, 54 स्तंभांची, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. संपूर्ण हिब्रू बायबलची आज जगाकडे असलेली सगळ्यात जुनी प्रत आहे 1008 सालची, सेंट पीटर्सबर्गला ठेवलेली. म्हणजे मधे अकराशे वर्षं. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं तर शुद्धलेखन पुष्कळ ठिकाणी वेगळं, कुठे शब्द कमी-जास्त, पण ग्रंथ तोच.

आणि त्या गुंडाळीत 40व्या अध्यायात काय झालंय बघ. सातव्या वचनात ‘गवत सुकते, फूल कोमेजते’ असं आहे, आठव्यात पुन्हा तेच शब्द. लेखनिकाने पहिल्यांदा ते लिहिले आणि तो थेट पुढे गेला, ‘पण आमच्या देवाचे वचन सर्वकाळ टिकते’ इथे. मधलं सगळं राहिलं. माझ्या ‘कृपा’सारखंच! पुढे दुसऱ्या कुणीतरी, वेगळ्या हाताने, राहिलेले शब्द ओळींच्या मधल्या जागेत लिहिले, जागा पुरेना म्हणून डाव्या समासात खाली उतरवले. त्या शब्दांत परमेश्वराचं नाव येत होतं. तिथे त्याने नाव लिहिलं नाही, फक्त चार ठिपके दिले. शाई हातात असताना त्या माणसाला कशाची भीड वाटली असेल, याचा मी कितीतरी वेळ विचार केलाय.

काही अभ्यासक म्हणतात की ही चूक नसावी, पहिल्या लेखनिकापुढची प्रतच तोकडी असेल, कारण जुन्या ग्रीक भाषांतरातही हे शब्द नाहीत. असेलही. मला मात्र तो डोळा घसरलेलाच वाटतो. ती घसरण मी ओळखतो.

तुला हे सगळं सांगतोय कारण सिनाइटिकस तुझ्या गावात, लंडनलाच आहे. ब्रिटिश लायब्ररी, सेंट पँक्रास स्टेशनाला लागून. दालनात जायला पैसे पडत नाहीत. त्याची 347 पानं तिथे आहेत, 43 लाइपझिगला, थोडी सेंट पीटर्सबर्गला, आणि काही सिनाय डोंगराच्या पायथ्याशी सेंट कॅथरीनच्या मठात, जिथून ती सगळी निघाली. टिशेनडॉर्फ नावाच्या जर्मन पंडिताने 1844 आणि 1859 मध्ये ती बाहेर नेली. दुसऱ्या वेळची पानं पुढे रशियाच्या झारकडे गेली आणि 1933 साली ती सोव्हिएत सरकारने एक लाख पौंडांना लंडनला विकली. निम्म्याहून जास्त पैसे सामान्य लोकांनी वर्गणी काढून दिले. मठातल्या साधूंना मात्र आपला ग्रंथ फसवून नेला असंच वाटत आलंय. त्यांच्या त्या दुःखाची आठवण ठेवून तू काचेसमोर उभी राहा.

पानावर चार स्तंभ दिसतील. सगळी मोठी अक्षरं, शब्दांत अंतर नाही. आणि दुरुस्त्या! पानामागे सरासरी तीसेक. एक लेखनिक स्पेलिंगमध्ये फार कच्चा, दुसरा पक्का. पुढची कित्येक शतकं निरनिराळे हात त्यात सुधारणा करत राहिले. एवढी दुरुस्त केलेली जुनी प्रत दुसरी नाही. लोक याला डाग म्हणतात. मी गॅलीवर, म्हणजे कच्च्या छापावर, लाल शाई चालवलेला माणूस, मला ते पान कुणीतरी लक्ष देऊन वाचलेलं दिसतं. कोरी प्रूफ परत आली की आम्हाला धडकी भरायची, कारण ती बहुधा वाचलेलीच नसायची.

व्हॅटिकनसमध्ये तर नव्या करारातल्या इब्रीकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायाशेजारी एक वाक्य आहे. कुणीतरी मूळचा एक शब्द बदलला होता. कितीतरी शतकांनी दुसऱ्याने तो पूर्ववत केला आणि समासात लिहून ठेवलं, ‘अरे मूर्खा, दुष्टा, जुनं आहे तसं राहू दे, बदलू नकोस!’ बदललेला शब्द आपल्याला जास्त ओळखीचा, सोपा होता. तरीही तो संतापला.

आता तुझी गोष्ट. योहानाने स्वतः लिहिलेल्या शुभवर्तमानात ती नव्हती, असं मलाही वाटतं. तुला बरं वाटावं म्हणून मी उलटं सांगणार नाही. पण ती नंतर कुणी रचून घुसडली असंही नाही. तिसऱ्या शतकातल्या सीरियाच्या एका मंडळीशिक्षणाच्या ग्रंथात अध्यक्षांना, म्हणजे बिशपांना, सांगितलंय की वडीलजनांनी आणलेल्या त्या पापी बाईशी प्रभू जसा वागला तसे तुम्ही वागा. म्हणजे ती लोकांच्या तोंडी होती, जपली जात होती. जुन्या काळचा मोठा धर्मपंडित ऑगस्टीन, त्याने तर लिहिलंय की आपल्या बायका याचा आधार घेऊन मोकाट सुटतील या भीतीने काहींनी ती प्रतींतून काढून टाकली. हे कारण बरोबर असो वा नसो, ती भीती मला खरी वाटते. क्षमा एवढी फुकट असलेली कुणाला सोसवत नाही.

तुझी पणजी पोरकी होऊन केडगावला मुक्ती सदनात आली आणि तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. पंडिता रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबल मराठीत आणत होत्या, खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, ग्रंथ पूर्ण छापून आला 1924 मध्ये. पणजी सांगायची, योहानाचा आठवा अध्याय जुळवताना कुणी बोलत नसे. त्या खोलीतल्या बऱ्याच जणींवर कुणी ना कुणी दगड उचललेला होता.

शनिवारी तुला सुट्टी असते ना? तेव्हा जा. उघडं असेल त्या पानावर दोन स्तंभांच्या मधली जागा बघ, तिथे बारीक अक्षरं दिसतात का, आणि त्या शाईचा रंग मूळच्या शाईपेक्षा वेगळा आहे का. फोटोत मला ते कधीच नीट कळलेलं नाही. जमलं तर वहीत काढून ठेव, मोबाइलवर नको, आणि रात्री फोन कर. मी जागा असेन.

जेवत जा.

तुझा,
पप्पा